गांजाचं घड्याळ: नगरचं शेत, पागलखान्याचा रकाना आणि 'ऑटोफ्लॉवर'

पीएमपीच्या गर्दीत ज्यांना हेडफोन सापडले नाहीत, त्यांच्यासाठी या एपिसोडची ही लिखित आवृत्ती. बोलताना मी जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

विषय तुमच्याकडूनच आला. 'ऑटोफ्लॉवर गांजा थंड, दमट हवेत उघड्यावर कसा वाढवतात, त्यावर एक एपिसोड करा ना' असे मेसेज बऱ्याच दिवसांपासून येतायत. कुणी कोथरूडच्या बाल्कनीतून विचारतं, कुणी शिकायला आयर्लंडला गेलंय तिथून. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएसच्या कलम २० नुसार गांजाच्या झाडाची लागवड हा गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. 'एकच कुंडी होती साहेब' याला सूट नाही. त्यामुळे 'कसं लावायचं' हे इथे मिळणार नाही. पण या प्रश्नाच्या मागे एक भारी इतिहास आहे, आणि त्यातला मोठा भाग आपल्या नगर-पुण्याच्या पट्ट्यातला आहे. तो मात्र सांगायलाच हवा.

सुरुवात झाडापासून करू. गांजाच्या झाडाला फूल कधी यायचं हे कळतं कसं? १९१२ च्या सुमारास पॅरिसमध्ये ज्युलियन टूर्नुआ नावाचा एक तरुण संशोधक हॉप आणि भांगेची रोपं वाढवत होता. त्याच्या लक्षात आलं की दिवस लहान असले की ही रोपं फार लवकर फुलतात. म्हणजे झाड पाणी किंवा ऊब बघत नाहीये, उजेडाचे तास मोजतंय. हे काम पुढे न्यायच्या आत पहिलं महायुद्ध आलं आणि टूर्नुआ १९१४ मध्ये त्यात मारला गेला. पुढे १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अॅलर्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर हाच नियम नीट मांडला आणि श्रेय त्यांच्या नावावर लागलं. पण वनस्पतीच्या घड्याळाचा शोध लागला तेव्हा टेबलावर जी थोडी झाडं होती, त्यातलं एक आपलं हे बदनाम झाड होतं. शाळेत हे कुणी सांगत नाही.

आता पुण्याचं गणित करा. आपण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहोत. जूनमधला सगळ्यात मोठा दिवस साधारण १३ तास १३ मिनिटांचा, डिसेंबरमधला सगळ्यात लहान ११ तासांचा. फरक फक्त सव्वादोन तासांचा. रशियात व्होल्गाकाठच्या सारातोव्हला मात्र जूनमधला दिवस साडेसोळा तासांच्या वर जातो. तिथलं झाड दिवस आखूड व्हायची वाट बघत बसलं, तर फूल यायच्या आधी बर्फ येईल. म्हणून त्या बाजूच्या रानटी जातीने घड्याळ बघणंच सोडून दिलं. उगवल्यापासून ठराविक दिवस झाले की ती फुलते, सूर्य काहीही म्हणो. १९२४ मध्ये यानिशेव्हस्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने हिला नाव दिलं, कॅनाबिस रुडरॅलिस. रुडरॅलिस म्हणजे पडीक जागी, उकिरड्यावर उगवणारी.

कोड लिहिणाऱ्यांसाठी सोपं करून सांगतो. आपल्याकडचं झाड सेन्सर वाचत राहतं आणि अट पूर्ण झाली की फंक्शन चालवतं. रुडरॅलिस नुसता टायमर लावते.

ऑटोफ्लॉवर म्हणतात ते हेच. या उकिरड्यावरच्या जातीचा टायमर नशेच्या जातींमध्ये संकर करून घातला. २००० नंतरच्या दशकात 'लोरायडर' नावाचं बुटकं वाण बाजारात आलं आणि तिथून हा धंदा वाढला. त्याची गरज कुणाला होती? इंग्लंड, हॉलंड, कॅनडा, म्हणजे थंड, ओल्या प्रदेशांना. तिकडे दिवस आखूड होतात तेव्हाच शरद ऋतूचा पाऊस आणि धुकं येतं. दाट फुलोऱ्यात ओल अडकते, राखाडी बुरशी धरते आणि पीक आतून सडतं. टायमरवाली जात पाऊस यायच्या आत उरकून घेते.

दख्खनमध्ये नेमकं उलट आहे. आपला पाऊस जून ते सप्टेंबर. दिवस पुरेसे आखूड होतात तोवर पाऊस गेलेला असतो. दिवाळीच्या आगेमागे फुलोरा, मग कोरडी थंडी, निरभ्र आकाश. बुरशीला फारसा वावच नाही. म्हणजे हे ऑटोफ्लॉवरचं बी ज्या अडचणीवर काढलंय, ती अडचण नगर-पुण्याच्या पठारावर कधी नव्हतीच. इथली अडचण हवामानाची नव्हती, सरकारी कागदाची होती.

थोडं मागे जाऊ. १५६३ मध्ये गोव्यात गार्सिया दा ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापला गेला. त्यात भांगेवर एक प्रकरण आहे. गुजरातच्या सुलतान बहादुरशाहाचा एक किस्सा तो सांगतो: रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान, इराण असं फिरून यावंसं वाटलं की सुलतान थोडी भांग खायचा. विमानाच्या आधीचं फ्रीक्वेंट फ्लायर! पण या किस्स्यात एक गोष्ट दिसते. सुलतान हे चोरून सांगत नाहीये, आणि वैद्यही ते औषधांच्या पुस्तकात बिनधास्त लिहितोय.

इंग्रजांना सुरुवातीला या झाडातली नशा नको होती, दोर हवा होता. जहाजांचे दोरखंड आणि शिडाचं कापड यांच्यासाठी त्यांना हेम्प लागायचं आणि ते यायचं रशियातून. क्रिमियन युद्धात तो पुरवठा धोक्यात आला तेव्हा, १८५५ मध्ये, फोर्ब्स रॉयल याने भारतातल्या धाग्याच्या वनस्पतींवर अख्खं पुस्तक काढलं. इथे भाषेचा एक मोठा घोटाळा आहे. इंग्रजी कागदांत 'बॉम्बे हेम्प', 'डेक्कन हेम्प', 'सन हेम्प' असे शब्द सारखे दिसतात आणि लोक इंटरनेटवर लिहून मोकळे होतात की मराठे गांजाच्या दोरखंडांवर गड चढले वगैरे. अहो, डेक्कन हेम्प म्हणजे आपली अंबाडी आणि सन हेम्प म्हणजे ताग. दोन्हींचा गांजाशी काही संबंध नाही. अंबाडीचं पान दिसायला भांगेसारखं, म्हणून तिच्या शास्त्रीय नावात 'कॅनाबिनस' आलंय, बस. ज्या पानाची भाजी आजी भाकरीबरोबर देते तेच ते. आपल्याकडे दोराला अंबाडी आणि ताग आधीपासून होते, त्यामुळे हे झाड मुख्यतः पाना-फुलांसाठीच लावलं गेलं.

आणि ते उघडपणे लावलं जायचं. मुंबई इलाख्यात गांजाचं सगळ्यात महत्त्वाचं क्षेत्र होतं अहमदनगर जिल्हा, म्हणजे आजचं अहिल्यानगर. थोडं वर, खानदेशाच्या सीमेपलीकडे निमाडात, खांडव्याचा गांजा प्रसिद्ध होता. मध्य प्रांतात परवान्याची लागवड खांडवा तहसिलीपुरती ठेवलेली होती. तिसरं मोठं नाव बंगालमधल्या नौगावचं. तिथे शेतात फिरून नर झाडं ओळखून उपटणारा एक खास माणूस असायचा, त्याला पोद्दार म्हणत. नर झाडाचा पराग मादीवर पडला की बी धरतं आणि राळ कमी होते, म्हणून ही छाटणी. इंग्रज अधिकाऱ्यांनी या पोद्दाराला चक्क 'गांजा डॉक्टर' असं नाव ठेवलं. आज परदेशात बिनबियांच्या मालाला 'सिन्सेमिया' असं स्पॅनिश नाव देऊन महाग विकतात. ती कारागिरी इथे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी रोजंदारीचं काम होती.

१८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि हा व्यापार परवान्याखाली गेला. वाहतुकीला पास, विक्रीचा मक्ता लिलावाने. शेतकरी माल मन मानेल त्याला विकू शकत नव्हता, पण तो गुन्हेगारही नव्हता. तो सरकारच्या महसुलाचा भाग होता. हा मुद्दा लक्षात असू द्या, शेवटी लागेल.

आता १८९३. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू होतोय ते साल. तिकडे लंडनमध्ये २ मार्चला, दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता असलेला खासदार विल्यम स्प्रॉस्टन केन याने पार्लमेंटात प्रश्न टाकला: बंगालमध्ये गांजाने लोक बिघडतायत, सरकार चौकशी करणार का? चौकशी बंगालपुरती होती ती वाढवून सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाची केली. इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन. अध्यक्ष मॅकवर्थ यंग, एकूण सात सभासद, त्यातले तीन भारतीय. १,१९३ साक्षीदार. एका वर्षात सात खंड, तीन हजारांच्या वर पानं. साक्षीदारांत कलेक्टर, डॉक्टर, मिशनरी असे सगळे होते. मुंबई इलाख्याच्या साक्षी सातव्या खंडात आहेत. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने हा अहवाल स्कॅन करून फुकट ठेवलाय, मोबाइलवर उघडतो. मी रात्री जागून वाचलाय आणि खरं सांगतो, एवढं शिस्तीचं सरकारी डॉक्युमेंट मी ऑफिसात अजून पाहिलेलं नाही.

माझ्यासारख्या डेटाबेसवर काम करणाऱ्या माणसाला त्यातलं सगळ्यात आवडलेलं प्रकरण वेडावरचं आहे.

त्या काळी सगळ्यांना 'माहीत' होतं की गांजाने वेड लागतं. पुरावा काय? पागलखान्यांची आकडेवारी. मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, रत्नागिरी, धारवाड अशी वेड्यांची इस्पितळं होती, देशभरात आणखी होती. दरवर्षी त्यांचा तक्ता निघायचा आणि त्यात 'वेडाचं कारण' असा एक रकाना होता. त्या रकान्यात 'गांजा' खूप वेळा यायचं. कमिशनने ठरवलं, तक्ता बघायचा नाही, एकेक केस उघडायची. १८९२ या एका वर्षात भरती झालेले १,३४४ रुग्ण घेतले. त्यातल्या २२२ जणांच्या नावापुढे गांजा-भांग-चरस हे कारण लिहिलेलं होतं. मग प्रत्येकाच्या गावी चौकशी, नातेवाईकांना प्रश्न, जुने कागद.

निघालं काय? रुग्णाबरोबर येणारा कागद पोलीस किंवा मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत भरला जायचा. रस्त्यावर सापडलेला, अंगावर धड कपडे नसलेला, नाव न सांगणारा माणूस. कारणाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. शिपायाने विचारायचं, गांजा ओढतो का? कुणी म्हणालं हो, किंवा माणूस बैराग्यासारखा दिसला, की लिहा 'गांजा'. पुढे इस्पितळातल्या कारकुनाने तेच उतरवायचं, सुपरिंटेंडंटने तेच वार्षिक तक्त्यात घालायचं, आणि दोन वर्षांनी कुणीतरी तोच तक्ता दाखवून म्हणायचं, बघा, आकडे सांगतायत. फॉर्ममध्ये एक फील्ड अनिवार्य केलं की काय होतं हे आपल्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. लोक ड्रॉपडाउनमधलं पहिलं उत्तर निवडतात. १८९२ च्या हिंदुस्थानात वेडाच्या ड्रॉपडाउनमधलं पहिलं उत्तर गांजा होतं.

छाननीनंतर २२२ पैकी ९८ केस उरल्या, ज्यात गांजाचा काही संबंध मानता येईल असं कमिशनला वाटलं. एकूण भरतीच्या सात टक्क्यांच्या आसपास. आणि त्यातल्याही सगळ्या निव्वळ गांजाच्या नव्हत्या.

निष्कर्ष असा की माफक सेवनाचा शरीर, मन, नीती यांवर जवळजवळ काही वाईट परिणाम दिसत नाही, अतिसेवनाचा होतो, माफक सेवन करणारेच बहुसंख्य आहेत, पूर्ण बंदी गरजेची नाही आणि झेपणारीही नाही. उपाय काय, तर लागवड थोड्या जागी आणा, मालावर ठराविक कर लावा, सरकारी गोदामातून विका. सगळ्यांना हे पटलं नाही. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोन भारतीय सभासदांनी वेगळी मतपत्रिका जोडली. 'गोऱ्यांनी आपली संस्कृती बंद केली' असं सोपं चित्र ज्यांना हवं असतं, त्यांची इथे अडचण होते. या चौकशीत गोरे अधिकारी बंदी नको म्हणत होते, आणि लंडनचा समाजसुधारक बंदी मागत होता. अर्थात सरकारला महसूल प्रिय होता, हेही विसरून चालणार नाही.

एक मात्र सांगून ठेवतो, कारण हा अहवाल हल्ली इन्स्टाग्रामवर सर्टिफिकेटसारखा फिरतो. १८९४ चा गांजा आणि आजचा माल एक नाही. आज निवडून काढलेल्या जातींची तीव्रता बरीच जास्त आहे, आणि कमी वयात रोज तीव्र गांजा ओढणाऱ्यांमध्ये सायकोसिसचा धोका वाढतो असं आताची संशोधनं सांगतात. कमिशनची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे. त्याचं उत्तर आजच्या प्रश्नाला चिकटवू नका.

मग हे सगळं बंद कधी झालं? शेतातून नाही, टेबलावरून. १९२५ च्या जिनिव्हा करारात इजिप्तच्या आग्रहाने 'इंडियन हेम्प' आंतरराष्ट्रीय यादीत गेलं. व्याख्या ठरली मादी झाडाचे वाळलेले फुलोऱ्याचे शेंडे. म्हणजे आपल्या पोद्दाराने राखलेला भागच. १९४९ मध्ये मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा आला, त्यात भांगसुद्धा परवान्याखाली गेली. महाराष्ट्रात आजही ती याच कायद्याखाली येते. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात जुन्या चालीरीतींसाठी पंचवीस वर्षांची मुदत होती. करार १९६४ च्या डिसेंबरात लागू झाला, म्हणजे मुदत संपणार १९८९ ला. त्याच्या चार वर्षं आधी, १४ नोव्हेंबर १९८५ ला, एनडीपीएस लागू झाला.

त्या कायद्यातली गांजाची व्याख्या वाचा. फुलोरा किंवा फळ आलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पानं वगळून. म्हणून केंद्रीय कायद्यात भांग सुटते. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात अटकपूर्व जामीन देताना हाच मुद्दा धरला होता: जप्त माल नुसता पाला असेल, सोबत शेंडे नसतील, तर त्याला गांजा म्हणता येतं का? जप्तीत गांजा २० किलोच्या वर गेला की प्रकरण 'व्यावसायिक' मात्रेत जातं आणि जामीन जवळजवळ अशक्य होतो. त्यामुळे शेंडा की पाला हा वाद कुणाच्या तरी आयुष्याची दहा-वीस वर्षं ठरवतो.

पण लागवडीला ही पळवाट नाही. तिथे कायदा 'कॅनाबिस वंशातलं कोणतंही झाड' म्हणतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात वकिलांनी युक्तिवाद केला होता की कायद्यात फक्त सॅटिव्हा लिहिलंय, माझ्या अशिलाचं झाड इंडिका आहे, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ साक्षीला उभे राहिले होते. आपल्याकडे ते चालणार नाही. सॅटिव्हा, इंडिका, सारातोव्हची रुडरॅलिस, तिचं ऑटोफ्लॉवर पोर, सगळी एकाच शब्दात आली. फूल आलं नसेल तरी. म्हणजे बाल्कनीतलं बी सूर्याचं घड्याळ चुकवेल, कलम चुकवणार नाही.

कायद्यात दार अगदीच बंद नाही. कलम १४ मध्ये धागा, बी आणि बागकामासाठी परवानगी देण्याची सोय आहे. ती वापरून उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक हेम्पची लागवड सुरू केली. आपल्याकडे बातम्या येतात त्या वेगळ्या. उसात, कापसात, तुरीत मधल्या ओळींना लावलेला गांजा पकडला. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेलगतच्या डोंगरात, वनखात्याच्या जमिनीवरची शेतंच्या शेतं पोलीस उपटून जाळतात. नकाशा उघडून बघा, शिरपूरपासून निमाड किती जवळ आहे. हवा तीच, माती जवळपास तीच, आणि पिकाचं वेळापत्रकही तेच. अटक होते ती बहुतेक वेळा शेतात सापडलेल्याची. बी देणारा आणि माल उचलणारा क्वचितच सापडतो.

१८९० च्या दशकात नगर जिल्ह्यात गांजाचं क्षेत्र सरकारी तक्त्यात एकरांत मोजलं जायचं, ज्वारी-बाजरीसारखं. आजच्या कायद्यातली कलमं ४६ आणि ४७ बघा. आपल्या जमिनीत असं झाड बेकायदा लावलेलं माहीत असूनही जमीनमालकाने कळवलं नाही तर तो गुन्हा. आणि गावात कुठे लागवड आहे हे कळताच वर्दी द्यायची जबाबदारी सरपंच, पंच आणि गावकामगारांवर टाकली आहे.